घर मोजून मग मदत : उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधील दिव्यांगांची घरे

दिव्यांग व्यक्तीसाठी घरात करायचे बदल चार कामांभोवती फिरतात: घरात येणे-जाणे, संडासला जाणे, अंघोळ आणि अंथरुणातून उठणे. ही चार कामे दुसऱ्याचा हात न धरता जमली, तर माणसाचा दिवस त्याच्या ताब्यात राहतो. त्यांतले एक जरी अडले, तरी सगळ्या घराचे वेळापत्रक त्याला बांधले जाते. नवरा लोकल पकडण्याआधी, भल्या पहाटे अंघोळ उरकून घ्यावी लागणारी बाई किंवा मुलगा संध्याकाळी परतेपर्यंत पाणीच कमी पिणारे वडील या परिसरातल्या अनेक घरांत आहेत. पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. एका जागी बसून राहिल्याने कातडीला जखमा होतात, आणि मणक्याच्या दुखापतीने संवेदना गेलेली असेल तर त्या जखमा उशिरा कळतात. त्यामुळे बाथरूमचा दोन फुटी दरवाजा हा आरोग्याचा प्रश्न आहे. त्याकडे घरसजावटीचा खर्च म्हणून पाहणे चुकीचे आहे.

२०११ च्या जनगणनेत देशातील २.२१ टक्के लोकांची दिव्यांग म्हणून नोंद झाली. त्या वेळी उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाख होती. देशाच्या सरासरीने हिशेब केला, तरी या तीन शहरांत तेव्हाच वीस हजारांवर दिव्यांग माणसे राहत होती. आजचा आकडा याहून मोठा असणार. अंबरनाथ आणि बदलापूर तेव्हापासून झपाट्याने वाढले. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ आहेत. शिवाय अर्धांगवायूनंतर घरी बसलेल्या आजी-आजोबांना कुटुंबे दिव्यांग म्हणतच नाहीत, ‘वय झालं’ एवढेच म्हणतात. कर्जत मार्गावरच्या गर्दीच्या लोकलमधून पडून आणि आनंदनगर, मोरिवली, मानकिवलीच्या कारखान्यांत यंत्राखाली सापडून हातपाय गमावलेली माणसेही याच वस्त्यांत आहेत.

या तीन शहरांतली घरे एकसारखी नाहीत, आणि म्हणून त्यांचे अडथळेही वेगळे आहेत. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागी वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला शहराचे रूप आणि नाव मिळाले. लोक अजूनही पत्ता कॅम्प एक ते पाच असाच सांगतात. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकीत भिंती घालून खोल्या झाल्या, पुढे त्यांच्यावर मजले चढले आणि वर जायला उभे लोखंडी जिने लागले. अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी, विम्को आणि इतर कारखान्यांच्या आधाराने चाळी उभ्या राहिल्या. तिथे संडास अनेकदा घराबाहेर, चाळीच्या टोकाला असतो. बदलापुरात मुंबईत घर न परवडलेल्या कुटुंबांनी घेतलेले फ्लॅट आहेत. त्यांतल्या तळमजला अधिक चार मजल्यांच्या असंख्य इमारतींत लिफ्ट नाही. म्हणजे उल्हासनगरात अडचण गल्लीची आणि उंबरठ्याची, अंबरनाथच्या चाळीत संडासाच्या अंतराची, तर बदलापुरात जिन्याची.

मदतीची सुरुवात बहुधा साधनापासून होते, आणि चूक तिथेच होते. शिबिरात व्हीलचेअर मिळते, फोटो निघतो, खुर्ची घरी येते. साध्या व्हीलचेअरची रुंदी सुमारे ६५ सेंटिमीटर असते; चाक फिरवणाऱ्या हातांसाठी दोन्ही बाजूंना आणखी जागा लागते. जुन्या बांधकामात बाथरूमची चौकट दोन ते अडीच फुटी, म्हणजे ६० ते ७५ सेंटिमीटरची. खुर्चीला जागच्या जागी वळायला १५० सेंटिमीटरचे वर्तुळ लागते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत कपाट, पलंग आणि ओटा मांडल्यावर ते उरत नाही. मग खुर्ची दाराबाहेर उभी राहते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. दोष खुर्चीचा नसतो. घर मोजले गेले नव्हते.

घर मोजण्याचे शास्त्र आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर महाराष्ट्राच्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, देशातील पहिले विद्यालय सुरू केले आणि १९५२ मध्ये या शाखेची अखिल भारतीय संघटना उभी केली. हाजीअलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था १९५५ पासून चालते. फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद पाहतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट माणूस आणि त्याचे काम यांच्यामध्ये काय येते ते पाहतो: हात किती उंच जातो, कोणत्या बाजूने उठता येते, वजन कुठे पडते, पलंगापासून संडासापर्यंत किती वळणे आहेत. उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यातले बहुतेक रुग्ण अपघातानंतर किंवा पक्षाघातानंतर मुंबई-ठाण्याच्या रुग्णालयांतून घरी येतात. घरी सोडण्याचा कागद हातात पडण्याआधी त्याच रुग्णालयातल्या थेरपिस्टला घराचा नकाशा आणि मोबाइलवर काढलेले फोटो दाखवावेत. सल्ला मोफत मिळू शकणारी ती जवळपास एकमेव वेळ असते. एकदा घरी आल्यावर अंबरनाथहून हाजीअलीला पुन्हा जाणे हे अनेकांना महिनोन्महिने जमत नाही.

थेरपिस्ट मिळाला नाही, तरी मोजपट्टी मिळते. प्रत्येक दाराची आतली मोकळी रुंदी, प्रत्येक उंबरठ्याची आणि पायरीची उंची, बाथरूमची लांबी-रुंदी, संडासाच्या भांड्यापासून दोन्ही भिंतींचे अंतर, पलंगाची उंची, गल्लीची रुंदी आणि गटाराची जागा एका कागदावर लिहून काढावी. पुढे गवंडी, महापालिका, सोसायटी, कोर्ट, कुणाकडेही जायचे झाले तरी हाच कागद उपयोगी पडतो.

दारापासून सुरुवात करावी. उताराचा नियम गवंड्याला सांगायला सोपा आहे: चढायच्या दर एक इंचाला एक फूट लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट उतार लागतो, दोन पायऱ्यांना बारा फूट, आणि वर-खाली खुर्ची थांबायला सपाट जागा वेगळी. बराकीच्या चार-पाच फुटी गल्लीत सरळ उतार बसतच नाही. तिथे तो भिंतीला समांतर काढावा लागतो किंवा लोखंडी चेकर्ड पत्र्याचा सुटा उतार करून घ्यावा लागतो, जो गरजेच्या वेळी टाकायचा आणि एरवी भिंतीला टेकवायचा. सुट्या उताराचा आणखी एक फायदा आहे. खाली गटार असेल तर सफाईसाठी तो उचलता येतो. सिमेंटचा पक्का उतार गटारावर घातला की पहिली तक्रार शेजारी करतात आणि दुसरी महापालिका. आखूड आणि तीव्र उतार मात्र एकट्याने चढायचा नसतो. मागे धरणारा माणूस असेल तरच तो चालतो, आणि खाली उतरताना खुर्ची उलटी, पाठीकडून न्यावी लागते.

बाथरूम हे सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत महत्त्वाचे. चार बाय पाचची मोरी घेतली, तर पहिला बदल दाराचा. आत उघडणारे दार बाहेर उघडणारे करावे, किंवा काढून सरकते दार अथवा जाड पडदा लावावा. यामुळे खुर्चीला काही इंच मिळतात, आणि माणूस आत पडला तर त्याच्या अंगामुळे दार अडत नाही. हे दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे आहे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बांधलेला दोन इंचांचा कट्टा फोडून लादीला नहाणीच्या जाळीकडे उतार दिला, तर पाणीही अडते आणि चाकही अडत नाही. बसायला भिंतीला टेकलेला ओटा किंवा प्लास्टिकची मजबूत खुर्ची, उंची व्हीलचेअरच्या बैठकीइतकीच, साधारण १८ ते २० इंच. उंचीत दोन इंचांचा फरक पडला तरी सरकताना तोल जातो. नळाला फिरवायच्या चाकीऐवजी लांब दांड्याची तोटी आणि डोक्यावरच्या शॉवरऐवजी हातात धरायचा पाइप. पायांत संवेदना नसलेल्या माणसाने आधी गार पाणी घ्यावे आणि मग गरम मिसळावे, कारण भाजल्याचे त्याला कळणार नाही.

आधाराचा दांडा, ज्याला दुकानात ग्रॅब बार म्हणतात, तो टॉवेल रॉड नव्हे. त्यावर माणसाचे पूर्ण वजन झटक्याने येते. साडेचार इंची भिंतीत प्लास्टिकच्या गुट्ट्या ठोकून बसवलेला दांडा काही महिन्यांत हलायला लागतो आणि नेमका घाईच्या वेळी निखळतो. अशा भिंतीत बोल्ट आरपार घालून मागच्या बाजूला पोलादी पट्टी द्यावी. दांडा माणसाच्या चांगल्या हाताच्या बाजूला हवा. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत ही गोष्ट हमखास विसरली जाते, कारण बसवणारा मोकळी भिंत पाहतो.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर तो फोडून कमोड बसवण्याची गरज प्रत्येक वेळी नसते. बैठकीला भोक असलेली लोखंडी कमोड खुर्ची त्याच भांड्यावर बसते आणि खर्च खूप कमी होतो. चाळीच्या टोकाला सामाईक संडास असेल, तर रात्रीपुरती भांड्याची कमोड खुर्ची घरात ठेवून दिवसा बाहेर जाण्याची सोय करणे हा मधला मार्ग आहे. तो कायमचा मात्र मानू नये. भांडे दुसऱ्याने रिकामे करायचे असल्याने माणूस खाणेपिणे आवरते घेतो. सामाईक संडास नगरपरिषदेचा असेल, तर त्यातले एक तरी दार रुंद करून आत दांडा बसवणे हे तिचेच काम आहे आणि ते लेखी मागता येते.

पलंगाची उंचीही खुर्चीइतकीच हवी आणि एका बाजूला तीन फूट मोकळे हवेत. पायांखाली लाकडी ठोकळे देऊन किंवा पाय कापून हे होते. उल्हासनगरचा फर्निचर बाजार प्रसिद्ध आहे. माप दिले तर तिथला सुतार हव्या उंचीचा दिवाण करून देतो, आणि तो तयार मिळणाऱ्या ‘हॉस्पिटल बेड’पेक्षा घरात शोभतो. ही बाब क्षुल्लक नाही. घर दवाखान्यासारखे दिसू लागले की त्यात राहणाऱ्यालाही आपण रुग्ण आहोत असेच वाटत राहते.

बांधकामाबाबत उल्हासनगरात विशेष सावधगिरी लागते. नव्वदच्या दशकात घाईने आणि निकृष्ट मालाने उभ्या राहिलेल्या इमारतींचे स्लॅब तिथे वारंवार कोसळले आहेत. मे २०२१ मध्ये ‘मोहिनी पॅलेस’ आणि ‘साईसिद्धी’ या दोन इमारतींत पंधरवड्याच्या आत तसे घडून माणसे दगावली. मे २०२५ मध्ये शेजारच्या कल्याण पूर्वेत ‘सप्तशृंगी’ इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जणांचा जीव गेला, तेव्हा वरच्या मजल्यावर लादीचे काम चालू असल्याचे समोर आले. जुन्या इमारतीत ब्रेकर लावून लादी फोडू नये आणि बाथरूमची पातळी हॉलइतकी करण्यासाठी जाड भरणी टाकू नये. भरणीचे वजन स्लॅबवरच येते. अशा ठिकाणी फोडाफोड टाळून सुटी साधने वापरावीत, आणि भिंत काढायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नये.

बदलापुरात चार जिन्यांवरच्या माणसासाठी तळमजल्यावर घर बदलणे हा सर्वांत परिणामकारक बदल असतो. पण तिथे नदी आडवी येते. उल्हास नदीचे पाणी २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये बदलापूर पश्चिमेच्या खालच्या भागांत शिरले. २०१९ च्या त्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली होती. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या बाजूला तळमजला घेताना पाण्याची जुनी खूण कुठवर आहे ते शेजाऱ्यांना विचारावे. घर घेतलेच तर बॅटरी, चार्जर, औषधे आणि ऑक्सिजनचे यंत्र कमरेच्या वर ठेवावे, आणि पाणी वाढू लागताच वरच्या मजल्यावर कोणाकडे जायचे आणि उचलायला कोण येणार हे पावसाळ्याआधी ठरवून ठेवावे. चालता येणाऱ्या कुटुंबाला शेवटच्या तासात निघता येते. ज्याला उचलून न्यावे लागते त्याला आधी निघावे लागते. लिफ्ट असलेल्या इमारतीत प्रश्न वेगळा: वीज गेली की लिफ्ट बंद. जनरेटर किंवा बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे यंत्र आहे की नाही, हे घर घेण्यापूर्वी पाहावे.

बाकीच्या दिव्यांगत्वांना लागणारे बदल स्वस्त असतात, आणि बहुधा म्हणूनच दुर्लक्षित राहतात. कमी दिसणाऱ्याला जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि भिंतीच्या रंगाहून वेगळ्या रंगाची बटणे हवीत. पूर्ण अंध माणसाला सामान रोज त्याच जागी असणे हवे. ऐकू न येणाऱ्याला दारावरच्या बेलसोबत लागणारा दिवा. स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग मुलासाठी खिडकीला जाळी, गॅसच्या सिलिंडरला घरच्यांच्याच हाताला लागेल असे बंद कपाट. कुष्ठरोगातून बरे झालेल्या अनेकांच्या बोटांना चटका कळत नाही, म्हणून भांड्यांना लाकडी मुठी.

मदत मागण्याचा रस्ता प्रमाणपत्रापासून सुरू होतो. आता दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे वैश्विक ओळखपत्र यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर एकत्रच होतो. तपासणीसाठी या परिसरातील लोकांना जवळचे मोठे सरकारी ठिकाण म्हणजे उल्हासनगर-३ चे मध्यवर्ती रुग्णालय. बहुतेक योजनांना ४० टक्के दिव्यांगत्व लागते. पक्षाघाताच्या रुग्णाने प्रकृती स्थिरावली की अर्ज करावा. वयोवृद्ध असणे आणि दिव्यांग असणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात आणि दोन्हींचे लाभ वेगवेगळे आहेत.

केंद्राची एडिप योजना १९८१ पासून व्हीलचेअर, कुबड्या, श्रवणयंत्रे, कृत्रिम अवयव देते. ती साधने बव्हंशी कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरील, कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीच्या खात्यात एकदा ३,००० रुपये जमा करते. त्यातून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत व्हीलचेअर आणि वॉकरबरोबर कमोड खुर्चीही आहे, हे अनेकांना माहीत नसते. संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. उल्हासनगर आणि अंबरनाथ हे स्वतंत्र तालुके आहेत, आणि बदलापूर अंबरनाथ तालुक्यात असल्याने बदलापूरकरांना अंबरनाथ तहसीलकडे जावे लागते. २०२५ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी ही रक्कम दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. या सगळ्यात वस्तूला पैसा आहे, पोटाला थोडा आहे. घर फोडून जोडण्याला नाही.

अपघाताने आलेल्या दिव्यांगत्वात आणखी दोन वाटा आहेत. एमआयडीसीतला कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर कामावर झालेल्या कायमच्या दुखापतीसाठी नियमित रक्कम आणि कृत्रिम अवयव मिळतात. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या योजनेत येतो; दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. लोकलमधून पडून जखमी झालेल्या, वैध तिकीट किंवा पास असलेल्या प्रवाशाला रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. २०१७ पासून तिची कमाल मर्यादा ८ लाख रुपये आहे आणि दावा एका वर्षात करायचा असतो. रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताला ती लागू होत नाही. या रकमा अनेकदा जुन्या कर्जात जिरतात. घर आधी मोजलेले असेल, बदलांचा खर्च हाताशी असेल, तर त्यातला एक भाग बाथरूमसाठी बाजूला काढणे कुटुंबाला सुचते.

घरासाठी खरा उपयोगी पडू शकणारा पैसा आहे तो शहराच्याच तिजोरीत. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची असते. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा, तिघांनाही हे बंधन आहे. या निधीतून सार्वजनिक इमारतींतले उतार आणि शौचालये यांसारखी सामूहिक कामे होतात, तसेच साधने आणि अर्थसाहाय्य यांसारखे वैयक्तिक लाभ दिले जातात. सगळ्यांना सारखी रक्कम वाटणे प्रशासनाला सोपे जाते आणि तीत कोणाला नाराज करावे लागत नाही. पण कॅम्प चारमधल्या बराकीतल्या दोन पायऱ्या आणि बदलापूरच्या चौथ्या मजल्यावरचा माणूस यांची गरज सारखी नसते. सारख्या रकमेत पायरी तशीच राहते. या निधीतच ‘घरातील सुलभता’ असा स्वतंत्र विषय धरून, घर पाहणारा एक थेरपिस्ट आणि एक कनिष्ठ अभियंता यांच्या अहवालावर रक्कम ठरवली, तर त्यासाठी नवा कर लागणार नाही. इंग्लंडमध्ये १९९० पासून नगर परिषदांनी हेच करायचे असते: थेरपिस्ट घर पाहतो, गरज लिहितो आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याला बाथरूम, उतार, जिन्यावरची खुर्ची यासाठी कमाल ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळते. तिथेही प्रतीक्षायादी लांब असते, पण अर्ज कशासाठी करायचा हे तरी अर्जदाराला माहीत असते. महाराष्ट्रात या विचाराला घरचे उदाहरण आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात आपले आयुष्य मांडले. १९८४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने वसतिगृहे आणि कामाच्या जागा चाकाच्या खुर्चीवरचा माणूस गृहीत धरूनच उभ्या केल्या.

अर्ज करताना ‘मला मदत मिळावी’ एवढे लिहून भागत नाही. कोणते दार, किती रुंद आहे, किती करायचे. कोणती पायरी, किती उंच. गवंड्याचे किंवा फॅब्रिकेटरचे लेखी अंदाजपत्रक. यूडीआयडी, आधार, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुकाची प्रत. थेरपिस्टचा किंवा डॉक्टरचा कागद. आणि दोन फोटो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय अर्ज देऊन येऊ नये. निधी शिल्लक नाही असे उत्तर मिळाल्यास त्या वर्षी ५ टक्क्यांतून किती खर्च झाला आणि कशावर, हे माहिती अधिकारात विचारता येते. एकेकट्याच्या अर्जापेक्षा एकाच वस्तीतल्या दहा-बारा घरांचे मोजलेले अर्ज अर्थसंकल्प ठरण्याआधी एकत्र दिले, तर त्यांचे वजन वेगळे पडते.

परवानगीची भीती अनेकांना उगाच अडवते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार केवळ घराच्या आत होणाऱ्या आणि बाहेरच्या दर्शनी रूपात फारसा फरक न करणाऱ्या कामाला विकास परवानगी लागत नाही. दांडा, सरकते दार, लादीचा उतार, कमोड ही कामे यात बसतात. सामाईक जागेतला उतार, जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा, पार्किंगची जवळची जागा यासाठी मात्र सोसायटीची संमती लागते. विषय सर्वसाधारण सभेपुढे लेखी ठेवावा, ठरावाची प्रत मागावी, आणि सभा टाळाटाळ करत असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे जावे. भाडेकरूने मालकाची लेखी संमती घ्यावी आणि अकरा महिन्यांच्या कराराचा विचार करून शक्यतो सोबत नेता येतील अशीच साधने घ्यावीत.

२०१६ चा कायदा इथे कुठवर पोचतो? कलम ५ दिव्यांग व्यक्तीला समाजात, इतरांसोबत राहण्याचा हक्क देते. कलम ४४ नुसार सुलभतेचे निकष पाळल्याशिवाय नव्या इमारतीला बांधकाम परवानगी देता येत नाही, आणि कलम ४५ अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुलभ करायला सांगते. जुन्या खासगी निवासी इमारतींबाबत तो असा स्पष्ट हुकूम देत नाही, आणि या तीन शहरांतली बहुतेक माणसे नेमकी त्याच इमारतींत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुलभतेचे निकष नुसत्या शिफारशी राहू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सांगून केंद्राला नवे नियम करायला लावले. याचा जोर मुख्यतः सार्वजनिक जागांवर आहे, पण बदलापूर-अंबरनाथमध्ये रोज उभ्या राहणाऱ्या नव्या टॉवरांच्या बाबतीत ग्राहक आणि नगररचना विभाग दोघांनाही त्याचा आधार घेता येतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या इमारतींत दिव्यांग असलेल्या कुटुंबाला खालच्या मजल्यांवर घर देताना प्राधान्य आहे. सोडतीनंतर ते आपोआप मिळेल असे न धरता अर्जातच मागावे.

हक्क डावलला गेल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते आहे. कोर्टात जावे लागलेच, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील दिला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी साधा अर्ज पुरतो.

केलेले काम तपासत राहावे लागते. दांड्याचे बोल्ट दर काही महिन्यांनी घट्ट करावे, सुट्या उताराचा गंज पावसाळ्यानंतर घासून रंग द्यावा, घसरडी झालेली लादी आम्लाने नव्हे तर साबणाने धुवावी. माणूसही बदलतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला सहाव्या वर्षी आई उचलून मोरीत नेते; तेराव्या वर्षी तिच्या कमरेला ते झेपत नाही, आणि तेव्हा बसण्याची उंची, दांड्याची जागा, दाराची रुंदी सगळेच नव्याने मोजावे लागते. स्नायूंचा आजार वाढत जाणाऱ्या माणसाच्या घरात आजच्या गरजेइतकेच नव्हे, तर दोन-तीन वर्षांनंतर लागेल तेवढे रुंद दार एकदाच करून घेणे स्वस्त पडते.